चढापर्यंत

रुग्णालयाच्या ॲम्ब्युलन्सवर बावीस वर्षं काढलेल्या त्या ड्रायव्हरला सगळे मिनिट्या म्हणत. कुठलंही अंतर तो मिनिटांत सांगायचा. बाजार सात मिनिटं, मुलीचं कॉलेज अकरा, सासुरवाडी दोनशे दहा. बायको पाहुण्यांसमोर त्याची फिरकी घ्यायची, की आमचा संसार पहिली तीस हजार मिनिटं अगदी सुखाचा झाला. मिनिट्याने एकदा मनातल्या मनात मांडून बघितलं, तर ते जेमतेम एकवीस दिवस भरले. त्या दिवशी तो ड्युटीवर एकटाच हसत होता.

त्याचा जिवलग मित्र म्हणजे रुग्णालयाच्या वर्कशॉपचा हेड मेकॅनिक. मागच्या खिशात कायम एक पाना असायचा, म्हणून त्याचं नावच पाना पडलं होतं. दोघं वीस वर्षं वर्कशॉपमागच्या एका बाकावर बसून डबा खात आले होते. बाकीचे ड्रायव्हर तक्रारवहीत पानभर रडगाणं लिहायचे. मिनिट्या एक ओळ लिहायचा, पाना तिच्याखाली ‘पाहिले’ लिहून सही करायचा, आणि दुसऱ्या दिवशी गाडी ठणठणीत असायची. त्यामुळे मिनिट्याला गाडीबद्दल दुसऱ्यांदा विचारायची सवयच राहिली नव्हती.

बायको गेली तेव्हा गाडी मिनिट्याच चालवत होता.

शनिवारची दुपार होती. कंट्रोल रूममधल्या मुलीने नेहमीच्या आवाजात पत्ता वाचला आणि तो त्याच्याच घराचा निघाला. शेजारणीने फोन केला होता, की स्वयंपाकघरात पडल्या, छातीत कळ येतेय. मिनिट्याने बायकोला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा ती शुद्धीवर होती. मागे बसलेल्या सिस्टरने नंतर सांगितलं, की पुलापर्यंत त्या बोलत होत्या. ह्यांना म्हणावं तो भोंगा बंद करा, सगळी गल्ली बघतेय, असं म्हणाल्या.

पूल संपला की पाण्याच्या टाकीपाशी चढ लागतो. सरळसोट, दमवणारा चढ, आणि त्याच्या माथ्यावर रुग्णालयाचं फाटक. मिनिट्या ते अंतर घरापासून बारा मिनिटांत कापायचा. त्या दिवशी साडेपंधरा लागली. चढावर गाडी चालेचना. पाय तळाला टेकला होता, इंजिन नुसतं ओरडत होतं आणि गाडी बैलासारखी पाय ओढत होती. गिअर चुकला असं वाटून त्याने तो काढला, पुन्हा टाकला, पुन्हा काढला. हात इतके कापत होते की त्याला ते स्वतःचे वाटेनात. फाटकात शिरला तेव्हा मागच्या काचेतून येणारा सिस्टरचा आवाज थांबलेला होता.

डॉक्टरांनी चाळीस मिनिटं प्रयत्न केले. मग बाहेर येऊन म्हणाले, “थोडं आधी...” आणि समोर कोण उभं आहे हे लक्षात आल्यावर पुढचं गिळलं.

अंत्यविधीनंतर घर माणसांनी भरलेलं असताना पानाने त्याला गॅलरीत नेलं होतं. तो म्हणाला, “हे बघ, त्या रस्त्याने याहून लवकर कुणालाच पोचता आलं नसतं. कुणालाच.” मिनिट्याने मान हलवली. दिवसा ते वाक्य त्याला पुरायचं. पण आतून त्याला पक्कं ठाऊक होतं की गाडी दुसऱ्या कुणी चालवली असती तर ती बारा मिनिटांत पोचली असती. आपले हात कापले, आपण गिअरशी झटत बसलो, तेवढ्यात ती गेली.

महिन्याभराने त्याने गाडीच्या किल्ल्या ऑफिसात ठेवल्या आणि बदली मागून घेतली. तेव्हापासून तो रुग्णालयाच्या तळघरात, कपड्यांच्या स्टोअरमध्ये होता. धुऊन आलेल्या चादरी मोजायच्या, फाटक्या वेगळ्या काढायच्या, वॉर्डात पाठवायच्या. येताना-जाताना बस. तीही शेवटच्या सीटवर, मागच्या काचेकडे तोंड करून, म्हणजे पुढचा रस्ता दिसायला नको. त्याची मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिने एकदोनदा विषय काढून पाहिला, मग सोडून दिला.

पाना मात्र दर रविवारी यायचा. तो आता रिटायर झाला होता आणि घरामागच्या शेडमध्ये एक जुनी स्पोर्ट्स कार नव्याने उभी करत होता. दोनच सीटची, बुटकी, लांब नाकाची गाडी. भंगाराच्या यार्डातून आणली तेव्हा तिला सीट नव्हत्या आणि इंजिनात उंदरांनी बिऱ्हाड केलं होतं. पानाची बायको म्हणायची, यांनी सवत आणली असती तर तिने दोन कामं तरी केली असती. पण पाना सकाळी शेडमध्ये शिरायचा, जेवायला बाहेर यायचा, पुन्हा आत. दोन वर्षांत त्याने एकेक स्क्रू उघडून, घासून, परत बसवला.

अशाच एका रविवारी सकाळी तो मिनिट्याकडे आला आणि दारातूनच म्हणाला, की गाडी तयार आहे, तू एक ट्रायल घे. मिनिट्या नको म्हणाला. पानाने पुन्हा विचारलं. म्हणाला, गाडीत कुठेतरी काहीतरी राहिलंय, मला सापडत नाही, तुझ्या पायाला कळेल. मिनिट्याने हात पुढे करून दाखवले. “या हातांनी? वेडा आहेस का?”

पानाने त्या हातांकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. मग म्हणाला, “माझ्यासाठी चल. एकदाच.”

मुलगी आतून ऐकत होती. तिने वडिलांचे बूट आणून दारात ठेवले.

गाडी करड्या रंगाची होती. तिच्यात बसायचं म्हणजे उतरायचंच होतं, एक पाय आत, मग कंबर, मग डोकं. मिनिट्याचा जन्म उंच सीटवर गेला होता. इथे तो रस्त्यावर मांडी घालून बसल्यासारखा बसला. शेजारून गेलेल्या बसचं चाक त्याच्या डोळ्यांसमोर आलं. स्टिअरिंग बारीक आणि थंड होतं. किल्ली फिरवली तशी इंजिनाने एकदा खाकरल्यासारखं केलं आणि मग त्याचा आवाज मिनिट्याच्या पाठीतून वर चढला. क्लच दाबून तो तसाच बसला. पाना शेजारी बसून समोर बघत राहिला. घाई कर म्हणाला नाही, सावकाश म्हणाला नाही.

गल्लीच्या तोंडापर्यंत गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा निघाली ती निघालीच. रविवारची सकाळ, दुकानांची शटर खाली, रस्ता मोकळा. पहिल्या वळणावर मिनिट्याने स्टिअरिंग ॲम्ब्युलन्सच्या हिशेबाने फिरवलं आणि गाडी फुटपाथला लागता लागता राहिली. दुसऱ्या वळणावर त्याने नुसतं मनगट वळवलं, तेवढं पुरलं. रस्त्यातली फट, खडी, नव्या डांबराची पट्टी, सगळं तळव्यांना कळत होतं, आंधळ्याने बोटं फिरवून चेहरा ओळखावा तसं. तिसरा गिअर टाकला तेव्हा पाठ सीटला टेकली आणि पोटात लहानपणीच्या झोपाळ्यासारखं झालं.

ॲम्ब्युलन्समध्ये वेग म्हणजे नेहमी कुणाची तरी वेळ भरत आलेली असायची. बावीस वर्षांत त्याने पाय कधी उगाच म्हणून दाबला नव्हता. आज मागे कुणी नव्हतं. मागे सीटच नव्हती. त्याने पाय दाबला, गाडीने ऐकलं, आणि त्याला हसू आलं. स्वतःचं हसू ऐकून तोच चमकला. पानाकडे बघून म्हणाला, की वहिनींची सवत गुणाची आहे. पानाही हसला, पण अर्धवट.

मिनिट्याने रस्ता ठरवला नव्हता. हात आपसूक वळत गेले. समोर पूल दिसला तेव्हा पाना म्हणाला, डावीकडे घे, तळ्याच्या रस्त्याने जाऊ, आज चढ नको.

“चढाशिवाय कसली ट्रायल?” मिनिट्या म्हणाला. हे वाक्य पानाचंच होतं. नव्या पोरांना तो वर्षानुवर्षं हेच ऐकवत आला होता. मिनिट्याच्या अंगात आता गाडी भिनली होती. पूल मागे पडला, पाण्याची टाकी आली, आणि त्याने तिसऱ्या गिअरमध्येच गाडी चढाला घातली.

ती जोमाने ओढत निघाली. कुठे अडखळली नाही, दमली नाही. आणि त्याचे हात कापत नव्हते. हीच जागा, हेच हात. त्याने हे पानाला सांगायला मान वळवली आणि त्याला दिसलं, की पाना पुढे वाकलाय, कान इंजिनाकडे लावलाय, एका हाताने त्याने डॅशबोर्डची कड धरलीय आणि श्वास रोखून धरलाय. अर्ध्या चढावर पानाचा चेहरा पांढरा पडला होता.

“काय ऐकतोयस?” मिनिट्याने विचारलं.

पाना म्हणाला, “काही नाही.”

पण मिनिट्या ड्रायव्हर होता. मेकॅनिक कशासाठी कान देतो हे त्याला समजायचं. चढावर, इंजिनावर ताण आल्यावर, कुठून हवा फुसफुसते का, हे पाना ऐकत होता. आणि त्याला एकदम वही आठवली. बायको गेली त्या शनिवारची नव्हे, त्याआधीच्या मंगळवारची. त्या मंगळवारी त्याने स्वतः वहीत लिहिलं होतं, ‘चढाला ओढत नाही.’ पुढे जे घडलं त्याखाली ती ओळ पार गाडली गेली होती.

त्याने गाडी रस्त्याच्या कठड्यापाशी घेतली, इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला.

“मी मंगळवारी लिहिलं होतं,” तो म्हणाला. “तू ‘पाहिले’ लिहिलंस. काय पाहिलंस?”

पाना समोरच्या काचेकडे बघून बोलला.

“इंजिनाला दाबाने हवा देणारा रबरी पाइप असतो. त्याला चीर पडली होती. बोटभर. मी टेप गुंडाळली, वरून क्लिप आवळली. नवा पाइप मागवला, तो शुक्रवारी सकाळी आला.”

“मग?”

“अर्ध्या तासाचं काम होतं.”

“मग?”

“शुक्रवारी दुपारी मी लवकर निघालो. ही गाडी बघायला. यार्डवाला म्हणाला होता, आज आला नाहीस तर उद्या कापायला घेणार. म्हटलं, पाइप सोमवारी लावू. टेप दोन दिवस धरेल.”

खालून एक सायकलवाला सायकल हातात धरून चढ चढत होता. तो त्यांच्याजवळून गेला, कौतुकाने गाडीकडे बघितलं आणि वर निघून गेला.

“किती गेली त्याच्यात?” मिनिट्याने विचारलं. “माझ्याशी मिनिटांत बोल.”

“तीन,” पाना म्हणाला. मग म्हणाला, “साडेतीन.”

मिनिट्याने स्टिअरिंगवरचे हात उचलून मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिला. त्याला राग येईल असं वाटलं होतं, पण आधी आली ती कीव, या हातांची. दोन वर्षं त्याने त्यांना चादरी मोजायला बसवलं होतं. जेवताना घास तोंडाशी आला की तो त्यांच्याकडे बघायचा आणि त्याला वाटायचं, यांनी मारलं तिला.

“मला वाटत होतं, माझे हात कापले म्हणून,” तो म्हणाला. “मी किल्ल्या ठेवल्या तेव्हा तू ऑफिसात होतास. माझ्या शेजारी उभा होतास.”

“हो.”

“दर रविवारी येत होतास.”

पाना म्हणाला, “दर रविवारी सांगायला यायचो. चहा व्हायचा आणि परत जायचो.” वहिनी गेल्यावर ही गाडी घ्यायचीच नव्हती, तो म्हणाला, पण शुक्रवारीच शब्द दिला होता, आणि नंतर रिकामं बसवेना. एकेक भाग उघडून बघत बसायचो. कुठे चीर राहू नये म्हणून.

मिनिट्याने गाडी सुरू केली. वर न जाता तिथूनच वळवली. परत येताना तो इतक्या हळू आला की मागच्या रिकाम्या बसने हॉर्न वाजवला. प्रत्येक वळणावर त्याने दिवा दिला. पानाच्या शेडमध्ये गाडी लावली, गिअर न्यूट्रलला आणला, किल्ली काढून पानाच्या तळहातावर ठेवली. आणि ट्रायलनंतर बावीस वर्षं जसं सांगायचा तसं सांगितलं. “क्लच खाली धरतोय, जरा वर घे. ब्रेक मारला की गाडी किंचित डावीकडे ओढते. आरसा सैल आहे. बाकी गाडी चांगली आहे.”

मग तो चालत घरी आला. चालत ते अंतर एकोणीस मिनिटांचं होतं. किती वेळ लागला ते त्याने पाहिलं नाही.

मुलगी भाजी चिरत होती. तिने कशी झाली ट्रायल म्हणून विचारलं आणि वर पाहिलं, मग सुरी खाली ठेवली. मिनिट्याने ओट्याला टेकून तिला सगळं सांगितलं. आधीची तक्रार, टेप, शुक्रवार, साडेतीन मिनिटं. काही वगळलं नाही. त्याची बायको पडली होती ती हीच जागा होती, ओटा आणि फ्रिजच्या मधली. मुलगी ऐकता ऐकता लाल झाली. ती चप्पल घालून निघाली, तिला आत्ताच्या आत्ता पानाकाकांना विचारायचं होतं. मिनिट्याने तिचा दंड धरला. विचारून झालंय, म्हणाला.

तिने विचारलं, “आणि त्या साडेतीन मिनिटांत आई वाचली असती?”

“माहीत नाही.”

“डॉक्टरांना विचारा ना.”

“विचारलं तर तेही माहीत नाही म्हणतील. नाहीतर माझ्याकडे बघून खोटं बोलतील.”

ती बसली. तोही तिच्यासमोर बसला. तिला वाटलं आता ते गप्प होतील, नेहमीसारखे दिवसच्या दिवस. पण त्याच्या मनातून एक गोष्ट जात नव्हती, आणि ती पाइपाची नव्हती.

“बाळा, मी हसत होतो,” तो म्हणाला. “चढापर्यंत. मला मजा येत होती. त्याच रस्त्याने चाललो होतो आणि मला तुझी आई आठवलीसुद्धा नाही.”

एवढं बोलला आणि त्याला रडू कोसळलं. बायको गेली तेव्हा लोकांसमोर तो ताठ उभा राहिला होता, आणि नंतर रडायचा आपल्याला हक्क नाही असं त्याने ठरवून टाकलं होतं. आता दोन वर्षांचं एकदम आलं. मुलीने वडिलांना असं कधी पाहिलं नव्हतं. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि म्हणत राहिली, की असू दे, आईलाही बरंच वाटलं असतं. हे खरं की खोटं तिलाही माहीत नव्हतं.

त्यानंतर चार रविवार पाना आला नाही. पाचव्या आठवड्यात पानाच्या बायकोचा फोन आला. भावोजी, तुमचं काय बिनसलंय मला माहीत नाही, पण हे जेवत नाहीत, शेडमध्ये जात नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून असतात. तुम्ही एकदा येऊन जा.

मिनिट्या संध्याकाळी गेला. पाना पलंगावर उठून बसला. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. दोघांच्या मध्ये स्टुलावर दोन कप चहा ठेवून पानाची बायको बाहेर गेली. चहावर साय धरली तरी कुणी कप उचलला नाही. शेवटी पाना म्हणाला, मला माफ कर असं म्हणायची माझी लायकी नाही.

“मग म्हणू नकोस,” मिनिट्या म्हणाला. “मला ते जमणारही नाही.” तो थोडा थांबला. “तू तेव्हाच सांगितलं असतंस ना, तर मी तुला मारलं असतं. खरोखर मारलं असतं. पण मग आपण दोघं मिळून रडलो तरी असतो. तू तेही ठेवलं नाहीस. तू तिकडे शेडमध्ये, मी इकडे तळघरात.”

पानाने तोंड ओंजळीत घेतलं. मिनिट्या त्याच्या शेजारी जाऊन बसला नाही, उठून गेलाही नाही. बाहेर अंधारायला लागलं तेव्हा त्याने दिवा लावला आणि वहिनींना चहा गरम करून आणायला सांगितला. निघताना म्हणाला, की जेवत जा, वहिनींचे हाल करू नकोस. घरी यायचं की नाही ते तुझं तू ठरव.

पाना लगेच आला नाही. दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी बेल वाजली आणि मुलीने दार उघडलं. पाना बाहेर उभा होता, दाढी केलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला. ती त्याच्याकडे बघत दारात उभी राहिली. लहानपणी तिला सायकल शिकवणारा हा माणूस. पाना खाली बघून वाट पाहत होता. आतून मिनिट्याने कोण आहे म्हणून विचारलं. बाजूला व्हायला तिला वेळ लागला, पण ती झाली. पाना आत आला आणि पूर्वीच्या खुर्चीत न बसता दाराजवळच्या स्टुलावर बसला.